वहिवाटीसाठी घेतलेली गाडी

आबा,

पिकअप विकली. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं ऐकताना तुमचं लक्ष दारातल्या गाडीकडेच राहील. तुमची पिकअप नव्हे. ती तर तुम्ही गेल्यावर काही वर्षांतच भंगारात गेली. तिच्यानंतर मी तसलीच दुसरी घेतली होती आणि परवापरवापर्यंत चालवत होते, ती विकली. तिच्या जागी आता एक उंच, चौकोनी, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी उभी आहे. डोंगरदऱ्यांत हिंडणारे हौशी लोक घेतात तसली. तुम्ही असता तर गाडीभोवती एक फेरी मारून पहिला प्रश्न विचारला असता, हौदा कुठाय? हौदा नाही. मागे माणसं बसायची सीट आहे, ती मी दुमडून ठेवली आहे आणि तिथे ताडपत्री अंथरून कुंड्या ठेवते. मग दुसरा प्रश्न तुम्ही आवाज खाली आणून विचारला असता, जमीन विकलीस का?

तो प्रश्न मला सगळ्यांनीच विचारून झाला आहे. आपल्या भागात अशी गाडी दारात आली की लोक माणसाच्या तोंडाकडे न बघता सातबाऱ्याकडे बघतात. गुंठा गुंठा विकून ज्यांच्या गळ्यात साखळ्या आल्या त्यांना गुंठामंत्री म्हणायची पद्धत तुमच्यासमोरच सुरू झाली होती. आता मीही त्या मंत्रिमंडळात गेले असं आपल्या वारज्यात सगळे धरून चाललेत. इकडे कोथरूडला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात थांबवून माझं अभिनंदन केलं. "पिकअप गेली हे बघून फार बरं वाटलं, वहिनी. किती गुंठे?" असं त्यांनी एका दमात विचारलं. याच गृहस्थांनी पार्किंगमध्ये पाटी लावली होती, 'मालवाहू वाहने आत लावू नयेत. ही सूचना कोणा एकास उद्देशून नाही.' अख्ख्या सोसायटीत मालवाहू वाहन एकच होतं, ते माझं. तुमच्या जावयांना ती पाटी इतकी आवडली होती की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ती मुद्दाम दाखवायचे.

जमीन विकलेली नाही, आबा. वरचा तुकडा आहे तसा आहे. गाडी त्याच्यासाठीच घेतली. खरं म्हणजे तुकड्यासाठीही नाही, वाटेसाठी.

वाटेचं तुम्हाला मी काय सांगणार? वाटणीत रस्त्याकडेचं, खालचं शेत तुमच्या थोरल्या भावाला, आमच्या तात्यांना गेलं, आणि डोंगरउताराचा वरचा तुकडा तुमच्या वाट्याला आला. वर जायची गाडीवाट तात्यांच्या शेतातून, आणि कागदावर तिचा कुठे पत्ता नाही. शहरातल्या कुठल्याशा वकिलाने तुम्हाला सांगितलं होतं, वापरातली वाट कुणी बंद करू शकत नाही, पण ती हक्काने वापरलेली हवी. कुणाच्या मेहरबानीने वापरलीत तर ती वाट नव्हे, ती सवलत, आणि सवलत देणारा कधीही काढून घेतो. त्या वकिलाला कल्पना नसेल की त्याने काय करून ठेवलं. तुम्ही ते वाक्य देवघरात ठेवल्यासारखं जपलंत. पहाटे मार्केट यार्डात भाजी टाकून आलात की घरी चहा घ्यायच्या आधी पिकअप वरपर्यंत नेऊन आणायचीच. वर काम असो नसो, हौद्यात माल असो नसो, चाकं त्या वाटेवरून फिरलीच पाहिजेत. रिकाम्या पिकअपचं मागलं अंग हलकं पडतं आणि चढावर चाकं नुसती गरगरतात, म्हणून तुम्ही हौद्यात वाळूची पोती टाकून ठेवायचात. गावात त्यावर किती चर्चा झाली! रोज पोती वर जातात आणि तीच पोती खाली येतात, म्हणजे आत काहीतरी असलंच पाहिजे. कुणी म्हणे गुप्तधन, कुणी म्हणे दारू. एकाने पोत्याला भोक पाडून बघितलं तेव्हा वाळू निघाली, आणि त्यानंतर संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तुम्हाला याची मजा वाटायची. संशय घेणाऱ्यांचा तुम्हाला आदर होता.

मला गाडी चालवायला तुम्ही याच वाटेवर शिकवलंत. आमच्या बरोबरीच्या मुली स्कूटी मागत होत्या आणि मला तुम्ही पिकअपची किल्ली दिलीत. मला केवढा अभिमान वाटला होता! अख्ख्या पंचक्रोशीत पिकअप चालवणारी पोरगी मी एकटी. आई म्हणाली, पोरीला कशाला हे धंदे, तर तुम्ही म्हणालात, "तिला आलंच पायजे." मी कितीतरी वर्षं त्या वाक्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. बापाचा मुलीवर विश्वास, मुलगा-मुलगी भेद नाही, असं बरंच काही. मग लग्न झालं, तुम्ही गेलात, आणि मी कोथरूडहून रोज सकाळी उठून त्या वाटेवर चाकं फिरवायला जाऊ लागले, तेव्हा एकदा स्टिअरिंगवर हात असताना डोक्यात आलं की माझ्यावर नव्हे, तुमचा फक्त वाटेवर जीव होता. मुलगा नाही, तुमच्यामागे वाट कोण राखणार, म्हणून मला किल्ली मिळाली. दोन्हीही खरं असेल. पण संशय घ्यायचं तुम्हीच शिकवलंत, तर तो तुमच्यावर आल्यावर तक्रार करू नका.

एक दिवस मला अजून दिसतो. मी नुकती एकटी चालवायला लागले आहे. पाऊस होऊन गेलाय, वाट चिकचिकीत झाली आहे. तात्या बांधावर उभे आहेत, डोक्याला टॉवेल बांधलेला, आणि मला बघून हात वर करतात. मी ब्रेक लावते. ते खिडकीशी येतात आणि म्हणतात, "हळू जा पोरी, म्होरं कडा ढासळलाय. डाव्या अंगानं घे." मी डाव्या अंगाने घेते आणि नीट वर जाऊन येते. घरी येऊन तुम्हाला ते कौतुकाने सांगते. तुमचा चेहरा असा होतो की जणू मी काचच फोडून आले आहे. "थांबलीस कशाला?" तुम्ही विचारता. मी म्हणते, त्यांनी हात केला. "हात कुणीबी करंल. थांबलं, बोललं, त्यांनी जा म्हटलं आन् मग गेलं, की त्यांच्या परवानगीनं गेल्यावानी व्हतं. उद्या कोर्टात उभं राहून म्हणंल, मीच तर जाऊ देत हुतो." मी रडले. मला एवढंच कळलं की माझ्या चुलत्याने मला दरीत पडू दिलं नाही आणि तुम्हाला त्याचा राग आलाय. त्यानंतर तात्यांनी पुष्कळदा हात वर केला. मी कधी काच खाली केली नाही.

आणि ते फराळाचं ताट. काकीने, तात्यांच्या बायकोने, दिवाळीत पाठवलेलं. तुम्ही त्यातली एक करंजी मोडून आतलं सारण बघितलंत, जणू काही त्यात नोटीस भरलेली होती. मग आईला म्हणालात, परत दे. आई म्हणाली, अहो, भरलं ताट परत करतात का कुठं? रिकामं परत करायचं नसतं म्हणून साखर घालून देतात एवढं ऐकलंय. तुम्ही म्हणालात, देणंघेणं सुरू झालं की वाटही देण्यातच धरतील. ताट भरलेलं परत गेलं. त्या मोडलेल्या करंजीसकट गेलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं होतं.

आता या वर्षीचं सांगते. पावसाळा संपता संपता एके सकाळी मी वर निघाले तर वाटेत मधोमध राडारोड्याचा ढीग. कुठलातरी बंगला पाडलेला असणार. तुटलेल्या फरशा, न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स, सळ्या बाहेर आलेले खांबाचे तुकडे, एक अख्खं वॉशबेसिन. पिकअपची पुढची चाकं कशीबशी चढली आणि मागची जागेवरच फिरत राहिली. वाळूची पोती होतीच हौद्यात, ती तुमची सवय मी मोडलेली नाही, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी मागे घेताना सायलेन्सर फुटला. मी खाली उतरले, ढिगाचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि घरी येईपर्यंत सगळं माझ्या डोक्यात जुळलं. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. आता शेत त्यांच्या मुलाच्या हातात आहे, माझ्या चुलत भावाच्या. डोंगराच्या पायथ्याला इमारती येताहेत, त्यांच्या जाहिरातीच्या फलकाखाली त्याची पांढरी गाडी कायम उभी असते. वरच्या तुकड्याला वाट राहिली नाही तर तो तुकडा कुणाच्या उपयोगाचा? त्याच्याच. तो म्हणेल ती किंमत घेऊन मला गप्प बसावं लागेल. मी घरात हे मांडलं तेव्हा तुमचे जावई पेपर बाजूला न करता म्हणाले, "त्यांना राडारोडा टाकायला जागा हवी होती, वाट दिसली, टाकला. तुम्हा लोकांना वाटतं, अख्खं जग तुमच्या त्या चार फूट वाटेवर टपून बसलंय." मी म्हटलं, अहो, चार नाही, नऊ फूट आहे. ते म्हणाले, मग तर टपायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी ढीग वाढला. तिसऱ्या आठवड्यात वाटेच्या कडेनेही भर पडली. मी पायी जाऊन यायचे, पण पायी गेलेलं मोजतात की नाही कुणास ठाऊक? तुम्ही चाकाचीच वहिवाट म्हणायचात. पायवाट राहिली आणि गाडीवाट गेली तर कुंड्या काय डोक्यावरून आणू? वरच्या तुकड्यावर आता भाजी नाही, आबा. मी रोपं करते आणि कुंड्या कंपन्यांच्या कार्यालयांना भाड्याने देते. एसीत झाडं सुकली की परत आणायची, टवटवीत द्यायची. वाट गेली की धंदा गेला.

म्हणून मी त्या गाडीच्या शोरूममध्ये गेले. विकणारा तरुण फारच सभ्य होता आणि काही आग्रहच करेना, तेव्हा मला वाटलं, या गाडीत काहीतरी खोट असणार. मी विचारलं, राडारोड्यावर चढते का? तो म्हणाला, "मॅडम, कुठेही चढते. तुमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे का?" मी म्हटलं, चुलत भाऊ आहे. त्याला काही कळलं नाही, पण तो हसला. मला त्याने लगेच व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात घालून टाकलं. या गाडीवाल्यांचा गट आहे. रविवारी सगळे मिळून कुठल्यातरी माळावर जातात, मुद्दाम चिखलात गाडी घालतात, रुतली की दोरी बांधून काढतात, फोटो काढतात आणि घरी येतात. कुणाचीच कुठे जमीन नाही, कुणाचीच वाट अडलेली नाही. मी सुरुवातीला बराच विचार केला की यामागे यांचा हेतू काय असेल. काहीच हेतू नाही, असं आता वाटतंय, आणि तेच मला जास्त चमत्कारिक वाटतं.

पिकअप बदल्यात दिली. घेणाऱ्याने घासाघीस केली नाही म्हणून मी किल्ली द्यायचं लांबवत राहिले. काय बघितलं असेल त्याने तिच्यात, जे मला दिसलं नाही? शेवटी दिली. हौद्यातली वाळूची पोती मात्र उतरवून घेतली, तेव्हा तो माणूस माझ्याकडे आपले गावकरी बघायचे तसाच बघत होता.

नवी गाडी घेऊन वाटेवर गेले त्या सकाळचं काय सांगू! गिअरशेजारी एक छोटा दांडा असतो. तो खाली ओढला की चारही चाकं दमाने, एकेक पाऊल टाकत चढतात. निळ्या टाइल्स चाकाखाली कुडकुड मोडत होत्या आणि मी वर पोचले होते. मी एकटीच मोठ्याने हसले. खाली परत येताना चुलत भाऊ त्याच्या पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. त्याने माझ्या गाडीकडे बघितलं, मग ढिगाकडे, आणि हात वर केला. मी काच बंद ठेवून निघून गेले. घरी येईपर्यंत त्या हाताचा अर्थ लावत होते. धमकी असेल. हार मानली असेल. किंवा पुढचा ढीग केवढा लागेल याचा अंदाज घेत असेल. त्याने फक्त नमस्कार केला असेल, हे मला सुचलंच नाही.

मग मंगळवारी काकी आडवी आली. खरोखरच आडवी. वाटेच्या मधोमध घमेलं पालथं घालून म्हातारी त्यावर बसलेली. आता ती पार वाकली आहे, डोळ्यांवर जाड चष्मा आहे. मी हॉर्न दिला. ती हलली नाही. शेजारून घ्यायला जागा नव्हती, ढिगाची भर होती. मी काच खाली केली.

"चिरडून जातीस व्हय म्हातारीला?" ती बसल्या जागेवरून म्हणाली. "जा की मग. बापासारखीच हायेस."

"काकी, तुम्हाला काय हवंय?"

"तुम्ही कुणाला म्हणतीस गं? चड्डीत हुतीस तवा तू म्हणायचीस." मग काठीने तिने ढिगाकडे दाखवलं. "ह्यो राडारोडा कुणासाठी टाकलाय वाटतं तुला? पावसात वाट वाहून गेली, कडा पार आत धसला. पोरगा म्हणाला, हिची गाडी जाईल एक दिस खाली. म्हणून भर घातली. वरनं मुरूम टाकून दाबायचा हुता, तर मशीनवाला गावाकडं लग्नाला गेला त्यो गेलाच. रोज येतो म्हणतोय."

मी म्हटलं, "मग मला सांगायचं नाही का?"

"कुणी सांगायचं? तुमच्यातलं कुणी थांबतंय व्हय? तुझा बाप न्हाई थांबला, तू न्हाई थांबत. आमच्या ह्यांनी जल्मभर हात केला ह्या बांधावरनं. हात दुखला आसंल, पण तुझ्या बापाची मान काय वळली न्हाई."

मग मी तुमचाच प्रश्न विचारला, जो तुम्ही दरवर्षी दसऱ्याच्या आधी वाटेवर ताजा मुरूम दिसला की आम्हाला विचारायचात. "आणि दरवर्षी वाटेवर मुरूम पडायचा, तो कोण, कशाला टाकायचं?"

"ह्यांनीच टाकायचा की. म्हणायचे, धाकट्याची गाडी रिकामी येती, घसरती. वाळूची पोती घालून येतोय बिचारा."

आबा, बिचारा म्हणायचे. तुम्हाला.

तुम्ही काय म्हणायचात ते मला पाठ आहे. वाट स्वतःची आहे असं दाखवायला टाकतोय मुरूम, असं तुम्ही म्हणायचात, आणि आम्ही मान हलवायचो. मुरूम एकच. वकिलाला विचारलं तर तो तुमच्या बाजूने बोलेल, कारण वाटेची डागडुजी ज्याने केली त्याचा हक्क, असंही कायद्यात काहीतरी असेलच. काकीला विचारलं तर भाऊ घसरू नये म्हणून टाकलेला. मी त्या वाटेवर उभी राहून दोन्हीकडून विचार केला आणि मला ठरवता आलं नाही. मला फक्त तुमचा राग आला. इतका राग तुम्ही हयात असताना कधी आला नव्हता. काकीचं म्हणणं खरं असेल तर मला एक चुलता होता, काकी होती, खेळायला चुलत भाऊ होता, दिवाळीचा फराळ होता, आणि ते सगळं तुम्ही एका वकिलाच्या वाक्यावरून ओवाळून टाकलंत. आणि ते खोटं असेल तर आज मी काच खाली करून तुमची सगळ्या आयुष्याची मेहनत बुडवत होते.

काकीला यातलं काही दिसत नव्हतं. तिला वेगळंच हवं होतं. वरच्या तुकड्याच्या कोपऱ्यावर म्हसोबा आहे ना, तिथे तिला जायचं होतं. वाटणीच्या आधी दोन्ही घरांचा नैवेद्य एकत्र जायचा, नंतर ती एकटी पायी जायची, आता गुडघे चालत नाहीत. "पोराची गाडी वर चढंना," ती म्हणाली. "नुसती पांढरी हाय. तुझी चढती म्हणत्यात." तिच्या पिशवीत नारळ आणि दहीभाताचा डबा होता. म्हणजे ती माझीच वाट बघत बसली होती. किती दिवस, कोण जाणे.

गाडी उंच आहे, तिचा पाय पोचेना. शेवटी तिने स्वतःच घमेलं दारापाशी पालथं केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली. तिचा हात खांद्यावर पडला तेव्हा मला आईची आठवण आली, तसाच खरखरीत. सीटवर बसून तिने आधी गादी दाबून बघितली, मग म्हणाली, "एवढी गादी कशाला लागती कुंड्यांला?" चढावर गाडी कलली तेव्हा तिने डोळे मिटले आणि म्हसोबाचं नाव घ्यायला सुरुवात केली, पण दारावरच्या मुठीची पकड सोडली नाही. वर पोचल्यावर डोळे उघडले आणि वारज्याकडे बघत राहिली. हायवे, इमारती, पाण्याच्या टाक्या. "आमचं घर कुठलं त्यातलं?" तिने विचारलं. मला दाखवता आलं नाही, मध्ये एक नवीन इमारत आली आहे. तिने नारळ फोडला, शेंदराच्या दगडाला दहीभात दाखवला आणि त्यातला प्रसाद माझ्या हातावर ठेवला. फराळाचं ताट परत करता येतं, प्रसाद नाही करता येत. मी खाल्लं. तुम्ही यावर काही नियम केला नव्हता.

खाली येताना ती एकदम म्हणाली, "ही वाट तुझीच हाय, पोरी. कवाबी ये, कवाबी जा. आमची आडकाठी न्हाई."

किती साधं वाक्य आहे, आबा. चाळीस वर्षं आपल्या घरात कुणाला हे ऐकायला मिळालं नाही आणि मला मिळालं. जा म्हटलं. परवानगी दिली. हेच ते. मी आरशात बघितलं, मागे कुणी ऐकायला आहे का. खाली बांधापाशी चुलत भाऊ उभा होता, तो एवढ्या लांबून ऐकू शकला नसता. मग मला वाटलं, हे वाक्य तिला कुणी शिकवून पाठवलं नसेल ना? मी तिच्या हातात मोबाइल आहे का ते बघितलं. तिच्या हातात नारळाची करवंटी होती, आणि तिच्यातलं पाणी माझ्या नव्या गाडीत सांडू नये म्हणून तिने ती पदराखाली धरली होती. मला तेव्हा रडू आलं. ते तुमच्यासाठी नव्हतं, तात्यांसाठी होतं. त्यांनी हेच वाक्य म्हणायला किती वेळा हात वर केला असेल, आणि आपण काच वर करून पुढे गेलो.

ती उतरली. चुलत भावाने तिला हात दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, रविवारी मुरूम पडंल. मशीनवाला आलाय." मी म्हटलं, बरं. एवढंच आमचं बोलणं झालं. काकीने विचारलं, अमावास्येला न्यायला येशील का? मी हो म्हटलं. घरी येऊन तुमच्या जावयांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे वाट नीट करून देणार ते. मग ही गाडी आता कशाला?" रविवारी मुरूम पडला तर त्या वाटेवरून पिकअपच काय, रिक्षासुद्धा जाईल.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. टाकलं आणि पोचलं असतं, तर तुम्ही आधी पाकीट उजेडात धरून बघितलं असतंत की कुणी फोडून परत चिकटवलंय का. तरीही एक सांगायचं राहिलं, ते लिहून ठेवते. वर म्हसोबापाशी काकी देवापुढे हात जोडून उभी होती आणि मागे माझी गाडी चालूच होती. ती वळून म्हणाली, "बंद कर की ती. देवाला धूर लागतोय." गाडी बंद करून उतरलं म्हणजे थांबलं, आणि थांबलं म्हणजे काय, ते मला तुम्ही शिकवलं होतंत. मी तिला म्हटलं, एकदा बंद केली की लवकर सुरू होत नाही. तिने लगेच विश्वास ठेवला आणि धुरातच नमस्कार केला. गाडी नवी आहे, आबा. किल्ली फिरवली की सुरू होते.